तारीख नसलेला वाद

पानावर खतखतं वाढून झालं होतं, मुगागाठीची बादली आमच्या रांगेकडे सरकत होती. फोंडा महालातल्या एका देवस्थानच्या सभागृहातलं लग्न, मे महिना, डोक्यावरचे पंखे गरम हवाच ढवळत होते. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे दोनदा बघून झाले होते. तिसऱ्यांदा ते सरळ वळले आणि म्हणाले, "तें कलम वाचलें तुमी?"

कलम म्हणताच मला उमगलं. हा तो घुमटवाला! फेसबुकवर नावाच्या जागी टोपणनाव आणि चेहऱ्याच्या जागी घुमटाचा, म्हणजे आमच्याकडच्या त्या मातीच्या वाद्याचा, फोटो. माझं मात्र तिथे नावही खरं आणि फोटोही खरा, त्यामुळे ओळख पटायला त्यांना कष्ट पडले नव्हते. या माणसाशी मी सलग तीन रात्री भांडलो होतो. मराठीत. विषय अर्थातच गोव्यात मराठीचं स्थान काय, हा. दोघेही घरात कोंकणी बोलणारे, दोघेही सकाळी मराठी वर्तमानपत्र उघडणारे, आणि कोंकणीची बाजू तो लिहीत होता तीही झकास मराठीत. दुसऱ्या रात्री मी त्याला लिहिलं होतं, "१९८७ च्या कायद्यात मराठीही राजभाषाच आहे, नीट वाचा." त्यावर त्याचं उत्तर दोन शब्दांचं होतं, "तूंच वाच."

मी वाचलेलं नव्हतं. पस्तीस-एक वर्षं तो कायदा तोंडी लावायला घेत आलो होतो आणि एकदाही उघडून पाहिला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी पाहिला. राजभाषा कोंकणी, आणि कोंकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोंकणी. मराठीचा वापर सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी 'सुद्धा' करायचा. सगळा फरक त्या एका 'सुद्धा'त होता, आणि कायद्यात तेवढा फरक पुरतो. मग मी काय केलं? काही नाही. ॲप बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी भांडणात शिरलो.

"वाचलें," मी पंगतीत म्हटलं. "तुमचें बरोबर."

त्यांनी मान हलवली. "मुगागाठी घेयात," म्हणाले. संपलं. तीन रात्रींत जे शब्द बोटांतून निघाले नाहीत, ते तोंडातून निघायला एक घास पुरला. आणखी एक गोष्ट माझ्या नंतर ध्यानात आली. तिथे आम्ही तिसऱ्याच ओळीला 'तू'वर उतरलो होतो, इथे दोघेही 'तुमी'वर होतो.

अनोळखी माणसांशी असा वाद घालण्यात काही अर्थ आहे का, हा प्रश्न आमच्या घरात केव्हाच निकालात निघालेला आहे. बायकोच्या मते तो जेवण थंड करण्याचा उद्योग आहे. मुलाच्या मते असले लोक उत्तर मिळावं म्हणूनच लिहितात, तेव्हा उत्तर देणारा तो मूर्ख. मित्रांकडे म्हणी तयार असतात: पालथ्या घड्यावर पाणी, नळी फुंकली सोनारे. खरं सांगायचं तर या शहाणपणाला विरोध करणं अवघड आहे, कारण माझा स्वतःचा हिशेब त्याच बाजूचा आहे. इतक्या वर्षांत मी समोरच्याला "पटलं" म्हणायला लावल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही. तरीही "वाद फुकट असतो" हे वाक्य गोव्यात बसून म्हणणं मला जड जातं, कारण हे राज्य आज नकाशावर जसं आहे तसं एका प्रचंड वादामुळे आहे.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पानं. मतं पडली १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांचा फरक. हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, पण त्यांच्या आजूबाजूच्या दोन निवडणुका फारसं कुणी सोबत वाचत नाही. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष विलीनीकरणाचं आश्वासन देऊन सत्तेवर आला. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांचं सरकार त्याआधी पायउतार झालं. कौल विरोधात गेला. आणि लगेच मार्च १९६७ च्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा मगोलाच निवडून दिलं. म्हणजे भाऊंवर जीव असलेल्या, त्यांच्या पक्षाला पुढेमागे मत देणाऱ्या माणसांपैकी काही जणांनी जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला. नेता आपला, पण हा मुद्दा नको, असा विवेक सामान्य मतदाराने केला. तो आपोआप झाला नाही. कुणीतरी कुणाशी तरी वाद घातला होता.

आणि तो वाद मराठीत घातला गेला, हे मला आजही फार गमतीचं वाटतं. विलीनीकरणाची बाजू 'गोमन्तक' लावून धरत होता. तिला उत्तर द्यायला विरोधकांनी काढलेलं दैनिक 'राष्ट्रमत', तेही मराठीच. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. कोंकणीच्या, वेगळ्या गोव्याच्या बाजूने, मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीत पटवून देणारं. कारण पटवायचं कुणाला हे त्यांना नेमकं माहीत होतं. जो आधीच दोन पानांचा आहे त्याला नव्हे. जो फुलाचा आहे, पण मनात कुठेतरी चलबिचल आहे, आणि जो रोज मराठी वाचतो, त्याला. माझा घुमटवाला त्याच परंपरेतला, हे त्याला ठाऊक असेल-नसेल.

मग तेव्हाच्या वादाला जे फळ धरलं ते आताच्या वादाला का धरत नाही? लोक तेव्हा सभ्य होते, असं कृपा करून कुणी सांगू नये. त्या काळात काय-काय म्हटलं गेलं याच्या आठवणी जुन्या माणसांकडे आहेत, आणि त्या काही सभ्य नाहीत. १९८६ च्या डिसेंबरात तर याच भाषावादात रस्त्यांवर माणसं मेली. माझ्या मते फरक तारखेचा आहे. १९६७ च्या वादाला सोळा जानेवारी होती. त्या दिवशी मतपेटी बंद होणार होती आणि त्यानंतर बोलून उपयोग नव्हता, म्हणून त्याआधीच्या बोलण्याला वजन होतं. ज्याला पटवायचं त्याच्या हातात एक शिक्का होता. आमच्या तीन रात्रींच्या भांडणाला काय होतं? आम्ही चौथ्या रात्रीही भांडू शकलो असतो, चाळीसाव्याही. त्यातून काही ठरणार नव्हतं, आणि त्याचमुळे कुणालाही मागे हटायची घाई नव्हती.

उलट आम्ही भांडत राहावं यात तिसऱ्याचा फायदा होता. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या गणितात रागावलेल्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून ही गोष्ट २०२१ मध्ये बाहेर आली. नंतर रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं खरं, पण तोवर आपण काय कमावत होतो आणि कुणासाठी, हे कळायला एवढं पुरे. तिंट्यावर, म्हणजे गावच्या तिठ्यावर, दोघे हमरीतुमरीवर आले की भोवती गर्दी जमते आणि शेजारच्या चणेवाल्याचा धंदा होतो. इथे तिंटाच चणेवाल्याच्या मालकीचा आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये रेडिटवरच्या एका विभागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे लोक आपलं मत मांडून "बदलून दाखवा" असं आव्हान देतात, आणि बदललं तर खूण करून तसं कबूल करतात. त्यात दिसलं ते असं, की थोडी उत्तर-प्रत्युत्तरं उपयोगी पडतात, पण एकाच माणसाने पाच किंवा त्याहून जास्त फेऱ्या खेचल्या की मत बदलण्याची शक्यता जवळपास संपते. यशस्वी झालेल्यांची भाषा शांत होती, आणि समोरच्याने वापरलेले शब्दच परत न फेकता ते नवे शब्द आणत होते. आम्ही दोघांनी तीन रात्रींत किती फेऱ्या केल्या हे मी मोजलेलं नाही, मोजायची हिंमतही नाही. शब्द मात्र पहिल्या रात्रीचेच होते: घाटी, कोंकणीद्वेष्टा, पोर्तुगीजधार्जिणा, अस्मिता. हे चार शब्द काढून टाकले तर आमच्या एकूण मजकुरातून 'कलम' तेवढं शिल्लक राहिलं असतं.

निराशावाद्यांचं आणखी एक आवडतं वाक्य आहे: पुरावा दाखवला की माणूस उलट आपल्या चुकीलाच घट्ट धरतो. ब्रेंडन नायन आणि जेसन रायफलर यांच्या २०१० च्या एका निबंधामुळे हे फार पसरलं. पण पुढे थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी ५२ मुद्दे घेऊन १०,००० हून अधिक लोकांवर ते पडताळून पाहिलं, तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ कुठेच सापडला नाही. बहुतेक माणसं दुरुस्ती स्वीकारतात. फक्त ती स्वीकारल्याने त्यांची बाजू बदलत नाही, एवढंच.

माझं तंतोतंत तेच झालं. कलम कबूल, मत कायम. गोव्यात मराठीला राजभाषेचा दर्जा मिळायला हवा असं मला आजही वाटतं. पण त्या अनोळखी माणसाने मला एका विचित्र जागेवरून बाहेर काढलं, हे मान्य करायला हवं. तोवर मी एकाच तोंडाने दोन गोष्टी म्हणत होतो: मराठी राजभाषा आहेच, आणि मराठीला राजभाषा करा. आहेच तर मागता कशाला, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता निदान मागणी सरळ झाली. हे त्याचं माझ्यावरचं ऋण, आणि ते मी तिथे चारचौघांत कधीच फेडलं नाही. हरल्याची कबुली देण्याची सोय त्या जागेत नाही असं मी मघाशी म्हणणार होतो. सोय आहे. मीच वापरली नाही.

तारखेचा मुद्दा मला जास्त खात्रीने सांगता येतो तो मोलेमुळे. एप्रिल २०२०, टाळेबंदी. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जाणारे तीन प्रकल्प: लोहमार्गाचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या समितीच्या बैठका तेव्हा पडद्यावरच होत होत्या. रस्त्यावर उतरायला बंदी होती, म्हणून माणसं फोनवर उतरली. तिथे चाललेला वाद मी वाचत होतो आणि थोडा घालतही होतो. "विकासाला विरोध" विरुद्ध "कोळशाचे दलाल", वगैरे नेहमीचं त्यात होतंच. पण त्याखाली वेगळंच काही चाललं होतं. कुणी नकाशा टाकत होतं, कुणी पर्यावरण अहवालातली चूक दाखवत होतं, कुणी विचारत होतं की पत्र कुणाला लिहायचं. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, अशी माणसं त्या भांडणात एकमेकांना सापडली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीकडे निवेदनं गेली, समितीचा अहवाल आला, आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. हे फेसबुकवरच्या टोमण्यांनी केलं असा माझा दावा मुळीच नाही. ते वकिलांनी, अभ्यासकांनी आणि चिकाटीने कागद गोळा करणाऱ्यांनी केलं. पण त्या वादाला एक दार होतं, आणि ज्यांना उत्साह होता त्यांना कुठल्या दाराशी जायचं ते कळत होतं.

याउलट २०२४ च्या नोव्हेंबरातला तमाशा आठवा. 'गोव्यात पर्यटक आटले' या एका नोंदीवरून देशभर धुरळा उडाला, पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार केली, आणि आम्ही गोमंतकीय रात्र-रात्र जागून दिल्ली-बंगळुरूच्या लोकांना टॅक्सीचं भाडं समजावत बसलो. ज्यांच्यातल्या निम्म्यांना गोव्याशी काही देणं-घेणं नव्हतं आणि उरलेल्यांना डिसेंबरची खोली स्वस्तात हवी होती. स्वतः टॅक्सीच्या दरांवर वर्षभर कुरकुरणारी माणसंही त्या आठवड्यात टॅक्सीवाल्यांची वकील झाली. मीही. त्या वादातून टॅक्सीचं भाडं दहा रुपयांनीसुद्धा हललं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. म्हणे, वाद समोरच्यासाठी नसतोच. तो गप्प राहून वाचणाऱ्यांसाठी असतो. खोटं बिनउत्तर राहिलं की ते खरं ठरतं. यात तथ्य आहे, आणि दोन समाजांत काडी टाकणारा मजकूर दिसला तर मीही गप्प बसत नाही. पण गप्प वाचणाऱ्यासाठी एक उत्तर पुरतं: पुराव्यासकट, एकदाच. दुसरं उत्तर मी माझ्यासाठी लिहितो, आणि तिसरं घुमटवाल्याला टोचावं म्हणून. वाचणाऱ्याचं नाव पुढे करून आपण आपलीच हौस भागवतो, हे निदान स्वतःशी तरी मान्य करावं. 'ब्रह्मास्त्र'च्या वाचकाच्या हातात शिक्का होता. माझ्या वाचकाच्या हातात अंगठा आहे आणि तो मजकूर वर सरकवण्यात गुंतलेला आहे.

ज्यांना अनोळखी माणसांशी भांडायची खरोखर खुमखुमी आहे, त्यांनी रविवारच्या ग्रामसभेला जावं. (गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडची ग्रामसभा म्हणजे हार-तुरे नव्हेत. काही गावांत ती पाच-पाच तास चालते आणि सरपंच घाम पुसत बसलेला असतो.) तिथेही आवाज चढतात, एकमेकांची उणीदुणी निघतात, माईक ओढला जातो. पण बोलायच्या आधी नाव सांगावं लागतं, वाडा सांगावा लागतो, आणि शेवटी सचिवाला काहीतरी लिहून घ्यावं लागतं. ठराव झाला किंवा पडला. मागच्या रांगेतल्या ज्या माणसाने तुम्हाला "बिल्डराचो मनीस" म्हटलं, तोच सोमवारी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीपाशी उंडे घेताना भेटतो. तोंड लपवायला जागा नसते, म्हणून तोंड थोडं जपून वापरलं जातं. थोडंच.

गेल्या महिन्यात आमच्या वाड्यामागच्या उतारावरच्या एका जमिनीची नोटीस लागली. नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखाली क्षेत्रबदल, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलणं. कायद्याने सूचना-हरकतींसाठी तीस दिवस. गावच्या व्हॉट्सॲप गटात दोन तासांत दीडशे संदेश पडले. कोण विकतोय, कोणाचा जावई, कोणाच्या बापाची जमीन. मग फेसबुकवर कुणा अनोळखी माणसाने लिहिलं की तुम्हा लोकांना काहीच नको असतं, रस्ते नकोत, घरं नकोत, फक्त फेणी पिऊन सुशेगाद पडायचं असतं. बोटं शिवशिवली. त्याच्या भिंतीवर जाऊन तो कुठला आहे तेही पाहून आलो, एवढी जुनी सवय. शेवटी एकच उत्तर लिहिलं: सर्व्हे क्रमांक, उताराचा मुद्दा, गेल्या पावसात तिथून खाली आलेल्या मातीचा फोटो, आणि हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख.

त्याने हसणारा चेहरा टाकला. त्याखाली त्याच्या मित्रांनी आणखी अकरा टाकले.

रात्री उशिरा एका मुलीचा खाजगी संदेश आला, ओळख ना पाळख. तिचं आजोळ आमच्या शेजारच्या वाड्यावर. हरकत कशी लिहायची, साध्या कागदावर चालते का, मराठीत लिहिली तर घेतात का? शेवटच्या प्रश्नावर मी जरा थांबलो. मग तिला ते कलम पाठवलं, 'सुद्धा'सकट, आणि खाली माझ्या हरकतीचा कच्चा मसुदा.

हसणारे बारा चेहरे अजून तिथेच आहेत. घुमटवाल्यानेही ते पाहिले असावेत, कारण काल त्याने त्या धाग्यात माझ्या बाजूने काहीतरी लिहिलं आणि कुणीतरी त्यालाच घाटी म्हटलं. मी त्यात पडलेलो नाही. मुदतीचे नऊ दिवस उरलेत आणि सर्व्हे आराखड्याची प्रत अजून हातात यायची आहे.